ग्रामपंचायतीची घरपट्टी : आकारणीपासून वसुलीपर्यंत

मार्च महिना लागला की ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एरवी न दिसणारी लगबग सुरू होते. पावती पुस्तके कपाटाबाहेर निघतात, शिपाई थकबाकीदारांची यादी घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरू लागतो आणि घरपट्टी भरण्याचे आवाहन ध्वनिक्षेपकावरून गावभर ऐकू येते. एप्रिल उजाडला की ही लगबग ओसरते आणि उरलेली रक्कम थकबाकीच्या रकान्यात पुढील वर्षात ओढली जाते. अनेक गावांतून वर्षानुवर्षे हेच चक्र चालू आहे.

घरपट्टी थकण्याचे कारण केवळ गरिबी किंवा केवळ बेपर्वाई आहे, असे म्हणता येत नाही. ग्रामसभेत याविषयी जो प्रश्न वारंवार विचारला जातो, तो असा : "शेजारच्या दुमजली घराला एवढीच पट्टी आणि माझ्या मातीच्या घरालाही एवढीच, हे कसे?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर कर भरण्याची इच्छा मावळते. उत्तर देता यावे यासाठी कराची आकारणी कशी होते, नोंद कोठे होते, हरकत कोठे घ्यावयाची व वसुली कशी करावयाची, याची माहिती सरपंच, सदस्य, कर्मचारी आणि नागरिक या सर्वांनाच असणे अगत्याचे आहे.

कराचा कायदेशीर आधार

कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही, हे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ चे तत्त्व आहे. ग्रामपंचायतीची घरपट्टी त्याला अपवाद नाही. तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधिमंडळाने ग्रामपंचायतींविषयी १९५८ साली जो अधिनियम संमत केला, तोच आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. या अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीच्या करांची व फीची यादी दिलेली आहे. आकारणीची तपशीलवार रीत १९६० च्या कर व फी नियमांत सांगितली आहे.

पुढे १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतराज व्यवस्थेस संविधानात स्थान मिळाले. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिच्यातील अनुच्छेद २४३-एच नुसार राज्य विधिमंडळ कायद्याद्वारे पंचायतींना कर बसविण्याचे, गोळा करण्याचे व विनियोगात आणण्याचे अधिकार देऊ शकते. म्हणजेच घरपट्टी हा ग्रामपंचायतीने स्वतःच्या मर्जीने मागितलेला पैसा नसून विधिमंडळाने तिच्याकडे सोपविलेला अधिकार आहे, आणि ज्या अर्थी तो अधिकार आहे, त्या अर्थी तो नियमाप्रमाणेच वापरणे बंधनकारक आहे.

कलम १२४ मधील एक तपशील पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. ग्रामपंचायतीच्या हद्दीतील इमारतींवर कर बसतो, मग ती इमारत शेतसारा लागणाऱ्या जमिनीवर असो वा नसो. जमिनीवरील कर मात्र शेतसारा न लागणाऱ्या जमिनीपुरताच मर्यादित आहे. त्यामुळे "माझे घर गावठाणात नाही, मळ्यात आहे, म्हणून मला घरपट्टी लागत नाही" हा समज बरोबर नाही. मळ्यातील घरास कर लागतो, भोवतीच्या पिकाखालील जमिनीस लागत नाही.

नागरिकाच्या हाती पडणाऱ्या देयकात घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर, आरोग्य कर व पाणीपट्टी अशा बाबीही असतात. सर्वसाधारण बोलण्यात या सर्वांना मिळून "घरपट्टी" किंवा "घरफाळा" म्हटले जाते. परंतु प्रत्येक बाब वेगळी आहे व ती देयकात वेगळी दाखविली जाते. नळजोडणी नसलेल्या घराच्या देयकात खाजगी नळाची विशेष पाणीपट्टी लागली असेल, तर ती चूक आहे हे रकाने वाचल्यानेच ध्यानात येते. देयक वाचण्याची सवय ही कर भरण्याच्या सवयीइतकीच महत्त्वाची आहे.

आकारणीची पद्धत कशी बदलली

घराची किंमत कशी ठरवावी, हा करआकारणीतील सर्वांत अवघड प्रश्न होय. शहरात घरभाड्याचा आधार घेता येतो. खेड्यात बहुतेक घरे मालकाच्याच वापरात असतात, भाड्याने दिलेली घरे थोडी, म्हणून भाड्याचा आधार लंगडा पडतो. एके काळी घर किती खणांचे आहे, माळवदाचे आहे की कौलारू, यावरून अंदाज बांधला जाई. अंदाज बांधणारा आणि ज्याचे घर तो, यांच्यातील नात्यागोत्याचा व वैराचाही प्रभाव त्यावर पडत असे.

१९९९ साली राज्यात क्षेत्रफळावर आधारित आकारणीची पद्धत आणण्यात आली. ही पद्धत मोजणीस सोपी होती. टेपने लांबी-रुंदी घेतली की काम भागे. परंतु हमरस्त्यालगतच्या बाजारपेठेच्या गावातील जागा आणि डोंगरकपारीतील वाडीवरील जागा यांच्या मोलातील अंतर केवळ क्षेत्रफळात पुरेसे उतरत नाही. तसेच चाळीस वर्षांचे जुने घर आणि कालपरवा बांधलेले घर यांतील फरकही त्यात नीट दिसत नाही. या पद्धतीस उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्यानंतर शासनाने ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेद्वारे नियमांत सुधारणा करून भांडवली मूल्यावर आधारित आकारणी लागू केली.

भांडवली मूल्य काढण्याची रीत वरकरणी किचकट वाटली, तरी तिच्यात पाच गोष्टी आहेत : जागेचे क्षेत्रफळ व तिचा दर, बांधकामाचे क्षेत्रफळ व त्याचा दर, बांधकामाच्या वयानुसार घसारा, वापरानुसार भारांक आणि सरतेशेवटी कराचा दर. जागेचे व बांधकामाचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून घेतले जातात. जागेचे मूल्य आणि घसारा लावलेले बांधकामाचे मूल्य यांची बेरीज करून तिला भारांकाने गुणले की भांडवली मूल्य निघते. निवासी वापरासाठी भारांक १ आहे. दुकान वा कारखाना यांसाठी तो त्याहून अधिक आहे. कराचा दर भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे इतके पैसे, अशा रूपात असतो. झोपडी व मातीचे घर, दगडविटांचे मातीत बांधलेले घर, चुना किंवा सिमेंटमध्ये बांधलेले पक्के घर आणि आर.सी.सी. पद्धतीची इमारत अशा चढत्या क्रमाने हा दर वाढत जातो. नियमांनी किमान व कमाल मर्यादा घालून दिल्या असून त्या मर्यादेत दर ठरविणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

दोन घरांचे गणित

उदाहरणावरून ही रीत अधिक स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष आकारणीत आपल्या गावाचा मूल्यदर व आपल्या ग्रामपंचायतीने ठरविलेला कराचा दर घ्यावा लागेल.

पहिले घर आर.सी.सी. बांधकामाचे आहे. जागा १०० चौरस मीटर, जागेचा दर चौरस मीटरला ५०० रुपये, म्हणून जागेचे मूल्य ५०,००० रुपये. बांधकाम ६० चौरस मीटर, दर १८,००० रुपये, म्हणून मूल्य १०,८०,००० रुपये. घर काही वर्षांचे जुने असल्याने घसारा लावून ९० टक्के मूल्य धरले, ते ९,७२,००० रुपये झाले. एकूण भांडवली मूल्य १०,२२,००० रुपये. निवासी वापराचा भारांक १ असल्याने त्यात बदल नाही. हजारी १ रुपया २० पैसे दर धरल्यास वार्षिक घरपट्टी १,२२६ रुपये ४० पैसे होते.

दुसरे घर मातीचे व जुने आहे. जागा ६० चौरस मीटर, त्याच ५०० रुपये दराने मूल्य ३०,००० रुपये. बांधकाम ३० चौरस मीटर, दर ५,००० रुपये, मूल्य १,५०,००० रुपये. घसारा लावून निम्मे मूल्य धरले, ते ७५,००० रुपये झाले. एकूण भांडवली मूल्य १,०५,००० रुपये. हजारी ३० पैसे दराने वार्षिक घरपट्टी ३१ रुपये ५० पैसे येते.

दुसऱ्या घराचे बांधकाम पहिल्याच्या निम्मे आहे, परंतु त्याचा कर निम्मा नसून पहिल्याच्या सुमारे एकोणचाळीसाव्या हिश्शाएवढा आहे. ज्याचे घर मोलाचे त्याने अधिक द्यावे आणि ज्याचे साधे त्याच्यावर नाममात्र भार पडावा, हे तत्त्व या गणितात आहे. ग्रामसभेतील त्या प्रश्नाला हेच खरे उत्तर होय. मात्र हे उत्तर कागदावर बरोबर असून भागत नाही, नोंदवहीतही तसेच उतरावे लागते. मातीच्या घराची नोंद चुकून पक्के घर अशी झाली, अथवा दुमजली इमारत नोंदवहीत अजून जुन्या पडवीच्या रूपातच राहिली, तर सूत्र कितीही न्याय्य असले तरी निष्पत्ती अन्यायाचीच होते.

नमुना ८ : गावाचा आरसा

ग्रामपंचायतीच्या दप्तरात करआकारणीच्या नोंदवहीला "नमुना ८" म्हणतात. मिळकतीचा क्रमांक, मालकाचे व भोगवटादाराचे नाव, बांधकामाचा प्रकार, मोजमाप, मूल्य व कर यांची नोंद तीत असते. तिच्यावरून दरवर्षीच्या मागणीची नोंदवही म्हणजे नमुना ९ तयार होते आणि नागरिकाने पैसे भरले की नमुना १० ची पावती मिळते. आकारणी, मागणी आणि पावती अशी ही साखळी आहे. तिची पहिली कडी कच्ची असली तर पुढील सर्व कामकाज कच्चे राहते.

आकारणीची यादी दर चार वर्षांनी सुधारावयाची असते. प्रत्यक्षात जुन्याच यादीवर नवे वर्ष टाकण्याचा मोह होतो. चार वर्षांत गावात किती बदल होतात! भाऊ विभक्त होतात, घराची वाटणी होते, घरकुल योजनेतून मातीच्या जागी विटांचे घर उभे राहते, पावसात एखादी भिंत कोसळून घर ओस पडते, रस्त्याकडेच्या पडवीचे दुकान होते. यांपैकी प्रत्येक बदलाने कर कमी-अधिक होतो. पडलेल्या घराची पट्टी वृद्ध विधवेच्या नावे वर्षानुवर्षे चढत राहणे आणि नव्या बंगल्याची नोंदच नसणे, या दोन्ही गोष्टी फेरआकारणी टाळल्याने घडतात. पहिल्या प्रकारात थकबाकीचा आकडा खोटा फुगतो, दुसऱ्या प्रकारात गावाचे हक्काचे उत्पन्न बुडते.

नमुना ८ विषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शासनाने २००३ साली दिलेल्या सूचनांनुसार घराची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे करावयाची आहे. पतीच्या निधनानंतर किंवा कौटुंबिक कलहात घराबाहेर पडण्याची वेळ आलेल्या स्त्रीला ही नोंद आधार देते. फेरआकारणीच्या वेळी ही नोंद तपासून पूर्ण करण्याची संधी आपोआप मिळते. दुसरी गोष्ट अशी की, नमुना ८ मधील नोंद ही करासाठीची नोंद आहे. तिच्यामुळे मालकी हक्क उत्पन्न होत नाही. कर भरल्याची पावती दाखवून जागेवर हक्क सांगणे, अथवा हक्क लागेल या भीतीने एखाद्या भोगवटादाराची नोंदच नाकारणे, हे दोन्ही गैरसमजातून घडते.

जागेची मोजमापे व हद्दी यांबाबत स्वामित्व योजनेची मोठी मदत होते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाचे भूमापन करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. या प्रकारच्या मोजणीचा प्रारंभीचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला होता. गावठाणाचा नकाशा आणि नमुना ८ समोरासमोर ठेवले की सुटलेल्या मिळकती चटकन दिसतात. मात्र वरून घेतलेल्या चित्रात छप्पर दिसते. घर मातीचे की विटांचे, किती वर्षांचे आणि कोणत्या वापराचे, हे पाहण्यासाठी दारापर्यंत जावेच लागते.

हरकत आणि अपील

आकारणी यादी तयार झाली की ती प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात व त्यांवर निर्णय घेऊन यादी अंतिम केली जाते. हा टप्पा उपचार म्हणून उरकला जाऊ नये. कार्यालयाच्या फलकावर चिकटविलेली यादी शेतमजुराच्या किंवा निरक्षर वृद्धाच्या दृष्टीस पडतेच असे नाही. वॉर्डावॉर्डातून यादीचे वाचन झाले, प्रत्येकाचे बांधकाम व कर मोठ्याने सांगितले गेले, तर चुका तेथल्या तेथे लक्षात येतात. शेजाऱ्यांच्या समोर वाचल्या जाणाऱ्या यादीत आपले बांधकाम लपविणेही अवघड जाते.

आकारणीबाबत समाधान न झाल्यास नागरिकास पंचायत समितीकडे अपील करता येते. तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येते. ही वाट कायद्याने दिलेली आहे. तेव्हा "पट्टी चुकीची आहे म्हणून भरत नाही" असे म्हणून स्वस्थ बसण्यापेक्षा वेळेत हरकत नोंदविणे नागरिकाच्याही हिताचे असते. वाद न नोंदविता थांबविलेली रक्कम ही केवळ थकबाकी ठरते.

मागणी आणि वसुली

देयक वेळेवर हाती पडणे ही वसुलीची पहिली पायरी आहे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, कर भरणाऱ्यास ५ टक्के सूट देण्याची आणि वर्ष उलटूनही थकविणाऱ्यास ५ टक्के दंड आकारण्याची तरतूद नियमांत आहे. वरील उदाहरणातील पहिल्या घरमालकाने सप्टेंबरपूर्वी पैसे भरले, तर त्याचे ६१ रुपये ३२ पैसे वाचतात. परंतु देयकच फेब्रुवारीत वाटले गेले, तर या सुटीचा लाभ कोणालाच मिळत नाही. सूट देण्याचे औदार्य नियमात राहते आणि दंड तेवढा नागरिकाच्या वाट्याला येतो.

खेड्यातील पैशाचा ओघ हंगामाशी बांधलेला असतो. सोयाबीन, कापूस वा भात विकल्यानंतरचे दिवस आणि ऊस उत्पादकांस साखर कारखान्याकडून हप्ता मिळण्याचे दिवस हे वसुलीचे स्वाभाविक दिवस होत. वसुलीचे वेळापत्रक आखताना गावाचे पीक व बाजार यांचा विचार केला, तर मार्चमधील धावपळ पुष्कळ कमी होते.

सामोपचाराने वसुली न झाल्यास कलम १२९ मध्ये पुढील मार्ग सांगितला आहे. देयक बजावल्यानंतरही रक्कम न भरल्यास मागणीलेख बजावला जातो आणि त्यानंतरही रक्कम न आल्यास जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री करता येते. या मार्गानेही रक्कम हाती न आल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. जप्तीचा अधिकार जपून व निःपक्षपातीपणे वापरावा लागतो. गरिबाच्या दारातील सायकल उचलायची आणि मोठ्या थकबाकीदाराच्या दारावरून पुढे जायचे, असे एकदा घडले की पुढील दहा वर्षांची वसुली अवघड होऊन बसते. म्हणून थकबाकीदारांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने करावी व वरून सुरुवात करावी.

या बाबतीत कायद्याने लोकप्रतिनिधींवर विशेष बंधन घातले आहे. कलम १४ अन्वये, देयक रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांच्या आत ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर न भरणारी व्यक्ती सदस्य होण्यास किंवा सदस्य म्हणून राहण्यास अपात्र ठरू शकते. दुसऱ्याकडे कर मागणाऱ्याने आपला कर आधी भरलेला असावा, ही साधी नीती येथे कायद्याच्या रूपात आली आहे.

टक्केवारीचा खरा अर्थ

वसुलीच्या अहवालात एकच टक्केवारी दिली जाते आणि तिच्यावरून ग्रामपंचायतीचे कामकाज जोखले जाते. येथे थोडी सावधगिरी हवी. समजा, एका गावात ४०० घरे असून सरासरी घरपट्टी ६०० रुपये आहे. चालू मागणी २,४०,००० रुपये झाली. मागील थकबाकी १,६०,००० रुपये आहे. एकूण मागणी ४,००,००० रुपये. वर्षभरात २,००,००० रुपये जमा झाले, म्हणजे वसुली ५० टक्के.

आता हीच रक्कम उलगडून पाहिली तर, जमा झालेल्यापैकी १,६०,००० रुपये चालू मागणीपोटी आणि ४०,००० रुपये थकबाकीपोटी आले आहेत. म्हणजे चालू वसुली सुमारे ६७ टक्के आणि थकबाकीची वसुली २५ टक्के झाली. यातून दिसते की गावातील बहुसंख्य कुटुंबे कर वेळेवर भरतात आणि दुखणे जुन्या थकबाकीत आहे. त्या थकबाकीत खरोखर येणे किती, पडलेल्या घरांच्या नावे चढलेली रक्कम किती, दुबार नोंदींची किती, हे तपासल्यावाचून केवळ "वसुली वाढवा" असा आदेश देऊन उपयोग नाही.

पैसा कोठून येतो, कोठे जातो

ग्रामपंचायतींच्या उत्पन्नात स्वतःच्या कराचा वाटा फार थोडा आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२-२३ या वर्षी देशातील एका पंचायतीस स्वतःच्या करांतून सरासरी सुमारे २१ हजार रुपये आणि करेतर बाबींतून सुमारे ७३ हजार रुपये मिळाले. त्याच वर्षी केंद्राकडून मिळालेली अनुदाने सरासरी सुमारे १७ लाख रुपये आणि राज्यांकडून मिळालेली सुमारे सव्वातीन लाख रुपये होती.

अनुदान एवढे मिळत असता घरपट्टीच्या थोड्या रकमेची पर्वा कशाला करावी, असा प्रश्न या आकड्यांवरून कोणी विचारील. त्याचे उत्तर पैशाच्या स्वरूपात आहे. अनुदान बहुतांशी ठरावीक कामासाठी येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना शिफारस केलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता या बाबींशी बांधलेली होती. चौदाव्या वित्त आयोगाने तर ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा दहावा हिस्सा कामगिरीशी जोडला होता आणि स्वतःच्या उत्पन्नात वाढ ही त्या कामगिरीची एक कसोटी होती. घरपट्टीचा रुपया मात्र गावाच्या ग्रामनिधीत जमा होतो व त्याचा विनियोग गाव ठरवू शकते. रात्री पाणीपुरवठ्याचा पंप जळाला, तर सकाळी दुरुस्तीसाठी जो पैसा हाती असतो, तो हाच.

शिवाय, ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. वरील गावाच्या उदाहरणात वसूल झालेल्या २,००,००० रुपयांतून अनुक्रमे ३०,०००, २०,००० आणि १०,००० रुपये या कामी उपलब्ध होतील. न वसूल झालेल्या २,००,००० रुपयांमुळे तितकेच ६०,००० रुपये या घटकांपर्यंत पोहोचू शकत नाहीत. कर थकविणारा केवळ कार्यालयाचे येणे थकवीत नाही. अंगणवाडीतील बालकाचा आणि काठीच्या आधाराने चालणाऱ्या शेजाऱ्याचा वाटाही तो थकवितो.

विश्वासाचे उदाहरण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा या गावाचे उदाहरण राज्यात सर्वश्रुत आहे. भास्करराव पेरे पाटील यांच्या सरपंचपदाच्या काळात या ग्रामपंचायतीने संपूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबास मोफत दळण दळून देण्याची सोय केली. पिठाची गिरणी ही दर आठवड्याची गरज. दिलेल्या कराचा मोबदला घरातील गृहिणीच्या प्रत्यक्ष नजरेस पडू लागला आणि कर भरण्याचा आग्रह घरातूनच होऊ लागला. प्रत्येक गावाने गिरणीच चालवावी असे नाही. दिलेल्या पैशाचे काय झाले हे दिसले पाहिजे, हा त्यातील बोध आहे. वर्षाच्या शेवटी घरपट्टीची जमा आणि तीतून झालेला खर्च एका फलकावर ठळक अक्षरांत लिहिला, तरी पुष्कळ शंका आपोआप मिटतील.

कारखाना असलेल्या गावांना आणखी एका तरतुदीची माहिती असावी. कलम १२५ नुसार ग्रामपंचायत व कारखाना यांच्यात करांच्या ऐवजी ठोक रक्कम देण्याविषयी करार होऊ शकतो. असा करार जुना असल्यास त्याची मुदत व रक्कम तपासून पाहणे हितावह ठरेल. लहान घरमालकाकडून पैन् पै वसूल करणाऱ्या ग्रामपंचायतीने मोठ्या मिळकतीचा करार दप्तरात विसरणे योग्य नव्हे.

प्रत्येकाचा वाटा

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने एप्रिल-मे महिन्यात देयके वाटावीत आणि नमुना ८ मधील बदल जेव्हाचे तेव्हा नोंदवावेत. सदस्यांनी आपल्या वॉर्डातील यादी स्वतः फिरून पडताळावी. विस्तार अधिकाऱ्यांनी तपासणीत वसुलीच्या टक्केवारीबरोबर शेवटची फेरआकारणी केव्हा झाली, हाही प्रश्न विचारावा. शिक्षकांना या कामी एक निराळी संधी आहे. क्षेत्रफळ, शेकडेवारी आणि सरासरी हे धडे शिकविताना विद्यार्थ्यांना आपापल्या घराची लांबी-रुंदी मोजून आणण्यास व घरच्या देयकावरून हिशेब मांडण्यास सांगता येईल. ज्या मुलीने सातवीत घरपट्टीचे गणित सोडविले, ती उद्या ग्रामसभेत प्रश्न विचारताना चाचरणार नाही.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीच्या कपाटात नमुना ८ ची नोंदवही आहे किंवा तिच्या संगणकीय प्रती आहेत. त्या नोंदवहीत दुमजली घर दुमजली म्हणून आणि मातीचे घर मातीचे म्हणून लिहिले गेले, तर ग्रामसभेतील प्रश्नाला सरपंचाला वही उघडून दाखविण्यापलीकडे काही उत्तर द्यावे लागणार नाही. पुढील फेरआकारणीची तारीख ग्रामपंचायतीने आजच ठरावाने निश्चित करावी. घरपट्टीच्या सुधारणेचा आरंभ तेथूनच होतो.